मामाच्या बागेत सावरलो, आता घरचे परत बोलावतायत, काय करू (मोठं आहे)

काडीवाला:
नमस्कार मंडळी. इथं बरेच दिवस नुसता वाचत होतो, लिहितोय पहिल्यांदा. नाव गाव खरं देत नाहीये, कोणी ओळखलंच तर ओळखून गप्प बसा एवढी विनंती.

वय २७, मी गे आहे. हे एवढं वाक्य बोलायला पण आधी पोटात क्वार्टर लागायची. घर पुण्यात, बीकॉम झालो आणि एका कंपनीत नाईट शिफ्टला लागलो. प्यायला सुरुवात झाली ती सकाळी शिफ्ट सुटल्यावर झोप येत नाही म्हणून, मग शिफ्टच्या आधी, मग बाथरूममध्ये जाऊन शिफ्ट चालू असताना. त्यात पप्पांनी माझ्या मोबाईलमधले मेसेज वाचले, त्यानंतर घरात काय झालं ते विचारू नका. मला एका डॉक्टरकडे नेलं, त्याने आईला सांगितलं पोरगा लग्नाला तयार करून देतो, आणि गोळ्या चालू केल्या. त्या गोळ्यांनी दिवसभर गुंगी आणि रात्री परत बाटली. एक वेळ अशी आली की जगायचंच नव्हतं. वाचलो. त्याबद्दल जास्त लिहीत नाही. मग व्यसनमुक्ती केंद्र. तिथून सुट्टी झाली त्या दिवशी न्यायला पप्पा आले नाहीत, मामा आला, नाशिकहून पिकअप घेऊन, मागे रिकामे क्रेट खडखडतायत. रस्ताभर एक शब्द बोलला नाही, फक्त संगमनेरला म्हणाला मिसळ खाणार का.

मामाची बाग दिंडोरी तालुक्यात, थॉमसन द्राक्षं आहेत साडेतीन एकर, बाकी टोमॅटो. मी पोचलो तो २०२४ चा एप्रिल, खरड छाटणी (नवी काडी तयार करायची उन्हाळी छाटणी) चालू होती. उन्हाचं तर सांगूच नका. मला पहिलं काम दिलं छाटलेल्या काड्या गोळा करून बांधाला नेऊन टाकायच्या, तेवढंच, दिवसभर. मग सबकेन (काडीचा शेंडा खुडून तिला पुढची काडी फोडणं), शेंडे मारणं, ड्रीपच्या नळ्या धुणं. सप्टेंबर सरता सरता गोडी छाटणी (मालासाठीची), मग पेस्ट, फेल काढणं, डिपिंग, विरळणी, असं एकामागे एक येतच राहतं. नोव्हेंबरात ढग दिसले की रात्री दोनला उठून ब्लोअर जोडायचा कारण डाऊनी (बुरशीचा रोग) आली तर आख्खा प्लॉट जातो. आता दोनला उठायचं म्हणजे नऊला झोपणं आलं, आणि नऊला झोपणाऱ्या माणसाने प्यायची कधी. असं करत करत सुटली, मी काही ठरवून सोडली असं म्हणणार नाही.

आणि 'तो'. मजुरांची टोळी येते मामाकडे सुरगाण्याकडची (नाशिकचा आदिवासी तालुका), एकरी उक्तं काम घेतात. तो मुकादमाचा पुतण्या, माझ्यापेक्षा थोडा मोठा. छाटणीनंतर काडीवरचे डोळे (कोंब) एकसारखे फुटावेत म्हणून हायड्रोजन सायनामाईडची पेस्ट लावतात, बागायतदारांना माहितीये. त्या दिवशी सकाळी त्याने सगळ्यांना दम दिला, आज आणि पुढचे काही दिवस कोणी घ्यायची नाही, पेस्ट अंगात जाते आणि वरून दारू गेली की तोंड लालभडक, छातीत धडधड, दवाखान्यात न्यावं लागतं. मग माझ्याकडे बघून म्हणाला, 'चला, हे दिवस आम्ही सगळे तुझ्यासारखे.' माझं केंद्राचं कोणालाच माहीत नव्हतं, निदान मला तसं वाटत होतं. तिथून बोलणं सुरू झालं. दुपारी नागलीची भाकर आणि उडदाचं भुजं खायला त्यांच्यात बसायला लागलो. बाकी कसं कधी झालं ते माझ्याजवळच राहू दे. टोळीतल्या बायांना समजलंय असं मला वाटतं, त्या आम्हाला एकाच ओळीत कामाला लावतात आणि हसतात.

आता प्रश्न. पप्पांचा आवाज एकदम बदललाय, 'पोरगा सुधारला'. पुण्यात ओळखीच्या ऑफिसात नोकरी बघून ठेवलीये आणि त्याच्याबरोबर एका मुलीचा फोटो पण आलाय. इकडे मामाचं यंदा अवघड आहे, मे महिन्यात सबकेनच्या टायमाला जो पाऊस लागला तो हटलाच नाही, काडीत घडच तयार झाला नाही, परवा काड्या तपासून आणल्या तर रिपोर्ट बघून मामा जेवला नाही. सोसायटीचं कर्ज डोक्यावर आहे. टोळीलाही काम कमी लागणार. त्यामुळे 'तो' म्हणतोय यंदा स्वतःच्या रानात स्ट्रॉबेरी लावतो, तू ये मदतीला, राहायला.

मला भीती एकाच गोष्टीची वाटतेय. मी बरा झालो तो बागेमुळे का त्याच्यामुळे? आणि उद्या बाग तोडावी लागली किंवा आमचं फिसकटलं तर मी परत तिथंच जाणार का? पुण्याला जाऊ, इथंच राहू का सुरगाण्याला जाऊ?

एकदम_स्पष्ट:
राग मानू नको पण घाम गाळल्यावर दारू सुटली ना, तसंच हे पण सुटेल. रिकामं डोकं सैतानाचं घर. पोरगी चांगली असेल तर करून टाक लग्न, दोन पोरं झाली की कोणाला आठवत पण नाही असलं काही.

सांगोल्याचा_डाळिंबवाला:
एकदम स्पष्ट, तुम्ही किती घाम गाळलाय ते ठाऊक नाही पण मी उभा जन्म गाळतोय. पन्नाशी ओलांडली. भगव्या डाळिंबाची बाग हाय, तेल्या रोगानं दोनदा मुळासकट काढायला लावली तरी परत लावली. दगडधोंड्याचं रान ट्रॅक्टर यायच्या आधी हातानं साफ केलंय. आणि मी अजून तसाच हाय जसा शाळेत होतो. घामानं जायची गोष्ट असती तर या तालुक्यात तरी एक पण उरला नसता.

आता काडीवाल्या, तुझ्यासाठी. मी लग्न केलं नाही. लय ताण आला, आईनं जेवण सोडलं, थोरल्या भावानं बोलणं सोडलं. पण एक गोष्ट मी धरून ठेवली, ती पोरगी पण कुणाची तरी लेक असती, तिनं माझ्या घरात येऊन काय करायचं? भावाला हेच बोललो, कारण-बिरण काय सांगितलं नाही. नुसतं 'मी करणार नाही' एवढंच, दर दिवाळीला परत परत. काही वर्षांनी लोक दमतात. खोटी कारणं द्यायला लागलास की (नोकरी नाही, घर बांधायचंय, पत्रिका) लोक ती कारणं दूर करायला लागतात आणि मग तू कोपऱ्यात सापडतोस.

माझा माणूस एसटीत कंडक्टर होता, आता रिटायर झाला. गावाला आम्ही 'दोस्त'. आषाढीला पंढरपूर बरोबर करतो, त्याच्या भाचीच्या लग्नात वाढप्यांत मी पुढं असतो. कोणी विचारत नाही. ज्याला कळायचं त्याला कळलंय आणि ज्याला नको त्यानं डोळं झाकलंत. शहरातल्या पोरांना हे आवडत नाही, म्हणतात हे लपून जगणं झालं. असंल. पण रात्री दीडला मोटर जळली की तो टॉर्च घेऊन येतो, मला तेवढं पुष्कळ हाय. तुला कसं जगायचंय ते तू ठरव, आमची नक्कल करू नको, तुझा जमाना येगळा हाय.

मामाला काय ते ठाऊक हाय का? मला वाटतं ठाऊक हाय. जो माणूस मिसळ खाणार का एवढंच विचारतो त्याला सगळं ठाऊक असतं.

वॉर्डातली_ताई:
मी मनोविकार वॉर्डात स्टाफ नर्स आहे, सरकारी दवाखान्यात. पेशंट म्हणून नाही, भाऊ म्हणून लिहितेय.

सगळ्यात आधी, हा धागा वाचून कोणी आपल्या पिणाऱ्या माणसाला उचलून थेट शेतावर नेऊन टाकू नका. रोज भरपूर पिणाऱ्याची दारू एकदम तोडली की दोन-तीन दिवसांत फिट येऊ शकते, भ्रम होतो, माणूस भिंतीवरचे किडे पकडायला लागतो, आणि त्यात जीव जाऊ शकतो. आधी दवाखाना, बी-वनची इंजेक्शनं, औषधं, मग शेत. काडीवाला आधी केंद्रात राहून आलाय हे वाचताना सुटून जातं म्हणून मुद्दाम सांगितलं.

पेस्टचं जे लिहिलंय ते शंभर टक्के बरोबर. दारू शरीरात मोडताना मधे एक विषारी पदार्थ तयार होतो, तो पुढे मोडणारं एन्झाईम सायनामाईड बंद पाडतं. दारू सोडवायला डायसल्फिरामची गोळी देतात तिचं कामही असंच चालतं. म्हणून ती गोळी माणसाच्या नकळत चहात-भाजीत मिसळून देऊ नका, घरचे सर्रास करतात हे, जिवावर बेततं.

त्या डॉक्टरबद्दल. समलैंगिकता आजार नाही हे इंडियन सायकियाट्रिक सोसायटीने २०१८ मध्येच सांगितलंय. असले 'उपचार' करणं हे डॉक्टरचं गैरवर्तन आहे असं नॅशनल मेडिकल कमिशनने २०२२ मध्ये सगळ्या राज्यांच्या कौन्सिलला कळवलंय, म्हणजे तक्रार करायला जागा आहे. करायची का नाही ते तुझ्यावर. पण त्या गोळ्या कुठल्या होत्या आणि आता काय चालू आहे ते एका बऱ्या डॉक्टरला दाखव, मनाने काही बंद करू नको.

आणि एक विचारायचं होतं, राग येऊ देऊ नको. जगायचंच नव्हतं असं लिहिलंस. द्राक्षबागेत औषधांचा साठा असतो. ते कुठे असतं, कुलूप असतं का? हे सगळ्या शेतकरी घरांना विचारते मी. तो झटका बऱ्याचदा थोड्या वेळाचा असतो, त्या वेळात हाताशी काही नसलं तर माणूस वाचतो. श्रीलंकेने सगळ्यात घातक कीटकनाशकं एकेक करून बंद केली तर तिथल्या आत्महत्या खूप खाली आल्या. परत कधी तसं वाटलं तर सरकारी हेल्पलाईन टेलिमानस १४४१६, रात्री-अपरात्री पण लागतो, मराठीत बोलतात.

काडीवाला:
ताई तुम्ही हे विचारलंत आणि मी बराच वेळ फोन ठेवून बसलो. औषधाच्या खोलीला कुलूप असतं आणि चावी मामीच्या कमरेला. पहिलं वर्षभर मला काही मिसळायचं असलं की मामी स्वतः यायची, डबा काढून द्यायची, उभी राहायची आणि परत कुलूप. मी म्हणायचो काय मामी एवढा पण विश्वास नाही का, महाग औषध मी काय विकून खाणार आहे? तर म्हणायची मांजर शिरतं. तुमचं वाचून आज सरळ विचारलं. म्हणाली केंद्रातल्या बाईंनी तुझ्या मामाला सांगितलं होतं. मामीची शाळा चौथीपर्यंत. मला वर्षभर कळू दिलं नाही.

गोळी एकच चालू आहे, नाशिकच्या डॉक्टरांची, दाखवतो नियमित.

निफाडचा_सोबर:
भो, मी पण द्राक्षवाला आणि पिणाराही, म्हणजे होतो. बायको-मुली वगैरे सगळं आहे, त्यामुळे तुझ्या त्या बाजूचं मला काही कळत नाही आणि मी अक्कल पण शिकवणार नाही. पण बाटलीचं मला कळतं.

तुझा प्रश्न बरोबर आहे. बाग आणि माणूस या दोन्हीवर सोबरायटी टांगू नकोस. मी बागेवर टांगली होती. २०२३ च्या नोव्हेंबरात गारपीट झाली ना, अर्ध्या तासात पानंसुद्धा राहिली नाहीत वेलीला, नुसत्या तारा आणि अँगल. त्या संध्याकाळी माझे पाय आपोआप हायवेकडे वळले. गेलो नाही ते एवढ्याच कारणाने की रविवार होता आमच्या एएच्या (अल्कोहोलिक्स अनॉनिमस, दारू सोडलेल्यांचा ग्रुप) मीटिंगचा वार, आणि खुर्च्या लावायचं काम माझ्याकडे होतं. हसू नको, खुर्च्या लावायच्या होत्या म्हणून वाचलो.

तर तुला बागेबाहेरचं, त्याच्याबाहेरचं असं एक काहीतरी पाहिजे. एएची मीटिंग म्हण, केंद्राचा फॉलोअप म्हण. नाशकात ग्रुप आहेत, मराठीतच चालतात. पुण्याला गेलासच तर मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र आहे, अवचट डॉक्टर दांपत्याने १९८६ ला चालू केलेलं, तिथं फॉलोअपला जुने पेशंट वर्षानुवर्षं येतात. आमच्यात असंही सांगतात की सोडल्यावर पहिलं वर्ष नवीन प्रेमप्रकरणात पडू नये. तू पडलास, ठीक आहे, आता काय त्यावर पंचायत बसवायची. पण भांडण झालं की त्या रात्री फोन कोणाला करायचा हे आजच ठरवून ठेव, आणि तो फोन त्याचा नको.

यंदाचं म्हणशील तर माझ्याकडे पण काडीत काही नाही. मामाला सांग एकटा नाही तू. खर्च कमी कर म्हणावं, माल नाही त्या प्लॉटवर औषधं मारत बसू नको, नुसतं पान टिकव.

देशावरची_कोकणी:
मी सुरगाण्याची, कोकणा आदिवासी, नाशिकला एमएसडब्ल्यू (समाजकार्य) करते. आईवडील अजून द्राक्षावर जातात, माझी फी त्यातूनच गेली.

दादा तुझी पोस्ट दोनदा वाचली. छान आहे. पण त्यात त्याला काय पाहिजे हे एकाच वाक्यात आलंय, ते पण तुला मदतीला बोलावण्यापुरतं. तुला बागेने बरं केलं, त्याच्यासाठी ती बाग म्हणजे मजुरी आहे. भात-नागली आवरून आमची माणसं तुमच्याकडे उतरतात कारण घरचं वर्षभर पुरत नाही. तू मालकाचा भाचा. उद्या बोभाटा झाला तर तुला फार तर पुण्याला धाडतील. त्याचं काय होईल? मुकादम त्याचा काका आहे. मामाने काम काढून घेतलं तर टोळीतल्या सगळ्या घरांचा हंगाम जातो, आणि शेजारचा बागायतदार पण विचार करतो. बाया हसतात म्हणालास, त्या चांगल्या आहेत म्हणून हसतात, पण त्यांचंही पोट त्यातच आहे.

आणि आदिवासी म्हणजे सगळं मोकळंढाकळं असं कोणी समजू नका. आमच्याकडे पण लोक बोलतात, भगताकडे नेतात, लग्न लावतात. तो तुला घरी राहायला बोलावतोय म्हणजे आईसमोर, भावकीसमोर उभा करणार आहे. ती त्याच्यासाठी केवढी उडी आहे हे समजून मग जा. जायचं तर कामाला जा, पाहुणा होऊन जाऊ नको. आमच्याकडे पाहुण्याला कामाला लावत नाहीत आणि मग चार दिवसांनी सगळ्यांनाच तो जड होतो.

मी जाऊ नको म्हणत नाहीये. उलट मला वाचून बरं वाटलं की आमच्यातलं पण कोणी आहे.

तात्या_वकील:
थोडं कायद्याचं, फुकट सल्ला म्हणून तेवढाच समजा.

२०१८ च्या ६ सप्टेंबरला सुप्रीम कोर्टाने समलैंगिक संबंधांना गुन्हा ठरवणाऱ्या कलम ३७७ मधून दोन सज्ञान माणसांच्या संमतीचे संबंध बाहेर काढले, आणि १ जुलै २०२४ पासून नवीन न्याय संहिता आली तिच्यात ते कलमच नाही. त्यामुळे पोलिसाची धमकी कोणी दिली तर घाबरायचं कारण नाही. लग्न मात्र नाही, ऑक्टोबर २०२३ च्या निकालात कोर्टाने ते संसदेवर सोडलं. जोडीदाराबरोबर बँकेत जॉईंट खातं काढता येतं आणि त्याला नॉमिनी लावता येतं, केंद्राने २०२४ च्या ऑगस्टमध्ये तसा खुलासा केलाय. रेशन कार्डावर एकाच घरातले धरावेत असंही राज्यांना कळवलंय, आता तहसीलमधला क्लार्क ते कितपत मनावर घेईल हा भाग वेगळा.

जमिनीचं नीट वाच. आदिवासीची जमीन सरकारच्या परवानगीशिवाय बिगरआदिवासीच्या नावावर होत नाही, महसूल संहितेचं कलम ३६ अ. वनपट्टा (वनहक्काने मिळालेली जमीन) असेल तर तो वारसाला जातो, विकता येतच नाही. आणि हे कायदे असेच पाहिजेत, नाहीतर दोन पिढ्यांत सुरगाणा कोणाच्या सातबाऱ्यावर गेला असता ते आपल्याला माहिती आहे. म्हणून स्ट्रॉबेरीत पैसे घालशील ते उसने म्हणून किंवा हंगामापुरती भागी म्हणून घाल, वहीत लिहून, दोघांच्या सह्या. प्रेमात सह्या कशाला असं वाटेल. माझी निम्मी वकिली अशाच लोकांवर चालते.

मुलीच्या बाबतीत सांगोलेकरांशी सहमत. वरून लपवून लग्न केलंस तर ती उद्या कोर्टात जाईल आणि तिचंच बरोबर असेल.

डच_पाटील:
मी नेदरलँड्सला असतो. इथं याला रीतसर नाव आहे, झोर्गबूर्डराय, म्हणजे देखभालीची शेती. हजाराच्या वर आहेत असे फार्म. डिप्रेशनवाले, व्यसनातून उठलेले, विसरभोळे आजोबा, सगळे येतात, गाई धुतात, भाजी काढतात, संध्याकाळी घरी. शेतकऱ्याला त्याचे पैसे मिळतात, नगरपालिका किंवा विमा देतो. तुझ्या मामामामीने हे सगळं फुकट केलं, तेही कर्जात.

पण एक प्रश्न कोणी विचारला नाही. तुला मजुरी मिळते का रे? घरचा पोरगा म्हणून दोन वेळचं जेवण आणि मोबाईलचा रिचार्ज, असंच चालू असेल तर पुण्याला जाऊ का सुरगाण्याला हा निर्णय तुझ्या हातात नाहीच, ज्याच्याकडे पैसे आहेत तो ठरवणार. आधी हातात स्वतःचे पैसे येऊ देत.

एकदम_स्पष्ट:
ठीक आहे, मी आपलं माझं मत दिलं. त्या मामीचं वाचलं. बाकी काही बोलत नाही.

काडीवाला:
सगळ्यांना एकेक करून उत्तर देणार होतो पण टोमॅटो चालू होते. जमेल तसं लिहितो.

त्याला हा सगळा धागा वाचून दाखवला, बांधावर बसून. ताई (सुरगाण्याच्या), तुमचं वाचलं तेव्हा तो म्हणाला ही कुठल्या पाड्याची, हिला भेटलं पाहिजे. मग म्हणाला मला काय पाहिजे ते मी सांगतो, ऐक. त्याला मामाची टोळी तोडायची नाही. काकाची उचल घेतलेली आहे, ती फिटेपर्यंत तो द्राक्षावर येणारच, काम कमी असलं तरी. स्ट्रॉबेरी फक्त दहा गुंठे, पहिल्या वर्षी जास्त उडी नको, तिकडचं बहीण आणि तो बघणार. आणि मी राहायला येण्याबद्दल म्हणाला मी घाईत बोललो, आईला आधी नीट सांगू दे, तू तोडणीच्या टायमाला ये, डिसेंबरात, तेव्हा सगळ्यांनाच माणूस पाहिजे असतो, कोणी काही विचारत नाही. वहीचं तात्यांचं पटलं त्याला, लगेच म्हणाला माझी सही मराठीत.

मला थोडं वाईट वाटलं खरं सांगायचं तर. मी मनाने बॅग भरून बसलो होतो.

पप्पांना फोन केला. सांगोल्याच्या काकांनी सांगितलं तसंच, मी लग्न करणार नाही एवढंच. पप्पा म्हणाले का, मी परत तेच म्हणालो. त्यांनी फोन ठेवला. आईचा नंतर आला, रडली, मग विचारलं जेवतोस का नीट. पुण्याची नोकरी मी नको म्हटलंय, पुण्यात मला अजून प्रत्येक चौकात कुठलं दुकान किती वाजता उघडतं ते पाठ आहे. फोटोचं असं झालं की तो मामीकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आला होता, तर मामीने परस्पर पत्रिका जुळत नाही म्हणून कळवून टाकलं. काकांनी खोटी कारणं देऊ नका म्हणून लिहिलंय, पण मामीला कोण सांगणार.

मजुरीचं डच भाऊंनी बरोबर पकडलं. रिचार्ज आणि जेवणच होतं. मामाला विचारायला लाज वाटत होती या परिस्थितीत, शेवटी विचारलं. तो काही बोलला नाही, कालनिर्णयवर माझ्या नावाने हजेरी मांडायला सुरुवात केली, टोळीच्या पुरुषांचा जो रोज आहे तोच. पैसे माल निघाल्यावर. माल किती निघेल ते देवाला माहीत, पण मांडलंय.

निफाडचे दादा, रविवारच्या मीटिंगचा पत्ता मेसेज करा. इथून एसटीने संध्याकाळी जाता येतं, परतीचं बघतो.

मामाला 'त्याच्या'बद्दल मी काही बोललो नाही अजून, आणि मामा पण नाही. पेस्ट होऊ दे म्हणतो, टोळीचं यंदाचं काम पक्कं झालं की मग, म्हणजे ताई म्हणतात तसं त्यांच्यावर काही यायला नको.

आता एक वेगळंच विचारायचंय, कोणाला माहिती असेल तर. स्ट्रॉबेरी आम्ही दोघांनी कधी केलेली नाही. बोरगावकडे सापुतारा रोडला लोक करतात, त्यांच्याकडून ऐकीव माहिती आहे. जात कुठली घ्यावी, आणि लागवड कधी, पाऊस तर अजून चालूच आहे?

वाईचा_बाळ्या:
वरचं सगळं वाचलं नाही, शेवटचंच वाचलं. विंटर डॉन घ्या, लवकर चालू होते, नवख्याला बरी. रोपं एकाच नर्सरीतली घ्या आणि स्वतः जाऊन मुळं बघून घ्या, फोनवर ऑर्डर देऊ नका. सप्टेंबर शेवट ते ऑक्टोबरचा पहिला पंधरवडा, पाऊस उघडल्याशिवाय हात लावू नका, पाणी साचलं की मर लागते. गादीवाफा उंच करा तुमच्याकडे पाऊस जास्त म्हणून. लावताना रोपाचा मधला कोंब मातीच्या वर राहिला पाहिजे, तो पुरला की रोप सडतं, नवीन माणसं इथंच चुकतात. मल्चिंग आणि ड्रीप पाहिजेच. दहा गुंठे बरोबर आहे, दोन माणसांना तोडणीला पुरतं, पण तोडणी सकाळी लवकर, ऊन व्हायच्या आत डबीत भरून झालं पाहिजे. जमिनीचा सामू (पीएच) काढला का? फोटो टाका वाफ्याचे.